शेवटच्या चौकटीतला होकार

ज्या अर्जाचं उत्तर मला लिहावं लागलं, तो अर्ज मीच लिहून दिला होता. विहाराच्या ओट्यावर बसून, माझ्याच पेनानं, माझ्याच अक्षरात. काही दिवसांनी तो माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यावर आमच्या ऑफिसचा आवक शिक्का होता आणि कोपऱ्यात मॅडमनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘बड़े बाबू, उत्तर का प्रारूप रखें।’ अक्षर माझं आहे हे कुणी ओळखलं नाही. आमच्याकडे आता हातानं कुणी काही लिहितच नाही.

खात्याचं नाव इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की सरकारी योजनांचा लाभ घेणाऱ्यांची नोंद ठेवणारं ते जबलपुरातलं एक ऑफिस आहे आणि मी तिथं बावीस वर्षांपासून बाबू आहे. वडील भंडाऱ्याकडून इथल्या कारखान्यात आले, मी इथंच जन्मलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आमच्या वस्तीतले बहुतेक लोक रिछाईच्या कारखान्यांत कामाला जातात. सरकारी ऑफिसात खुर्चीवर बसणारा त्यांच्यातला मी एक. त्यामुळे दर रविवारी विहारात वंदना झाली की मी सतरंजीवरच बसून राहायचो आणि लोक कागद घेऊन यायचे. कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचं रेशन, कुणाचा जातीचा दाखला. बायका म्हणायच्या, “भाऊ, जरा एवढं बघून द्या ना.” मला ते आवडायचं. ह्या आवडण्यातच माझ्या चुकीचं मूळ आहे, असं आता वाटतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या खात्यानं नोंदणीचं शिबिर लावलं. विधवा बायकांची नवी नोंद करायची होती. आमच्या मध्य प्रदेशात सरकारी कागदावर विधवा लिहीत नाहीत, कल्याणी लिहितात. मंडप टाकला होता, चार टॅबलेट होते, चार ऑपरेटर पोरी होत्या आणि त्यांच्यावर देखरेखीला मी. आमच्या वस्तीतल्या बायकांना मीच आदल्या रविवारी सांगितलं होतं की या, मी आहे तिथं. त्या आल्या. सकाळी सातपासून रांग लागली.

अर्जातले सगळे प्रश्न सोपे होते. नाव, पत्ता, मोबाइल, नवरा कधी गेला, मुलं किती, घर स्वतःचं की भाड्याचं. शेवटी एक चौकट होती. ‘क्या आप अपनी जानकारी अन्य संस्थाओं के साथ साझा करने की सहमति देती हैं?’ हो किंवा नाही.

ह्या चौकटीपाशी रांग अडायला लागली. ऑपरेटर वाचून दाखवायची आणि बाई विचारायची, “किसके साथ?” ऑपरेटरला माहीत नसायचं. एक म्हातारी म्हणाली, “थोरल्या लेकाला विचारून उद्या सांगते.” एकीनं ‘नाही’ सांगितलं, तर मागची घाबरली की नाही म्हटलं तर पैसे बंद होतात की काय, आणि मग नाही म्हणणारी परत आली, म्हणाली, “मेरा भी हाँ कर दो बेटा.” बारा वाजले, पंखा बंद पडला, पन्नास अर्जसुद्धा झाले नव्हते आणि वरून दर तासाला फोन येत होता की किती झाले.

सगळ्यात लहान ऑपरेटरनं मला हाक मारली. “सर, इसका क्या करें? हर एक को समझाते-समझाते शाम हो जाएगी.”

मी म्हणालो, “सब में हाँ कर दो.”

तिनं विचारलं, “बिना पूछे?”

“पूछने में ही तो टाइम जा रहा है.”

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित चार पोरींमध्ये ही चूक वाटली गेली असती. पण मला काम नीट करायची सवय. देखरेख करणाऱ्याच्या लॉगिनमध्ये एक सोय होती: एखाद्या प्रश्नाचं उत्तर आधीच भरून ठेवता यायचं. मी शेवटच्या चौकटीत ‘हाँ’ भरून ठेवलं. मग त्या पोरींना ते पानही दिसेना. रांग सरसर पुढं सरकली. संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या प्रमुख, माझ्याहून वयानं लहान, हुशार आणि वाईट मुळीच नाहीत.

जिचा अर्ज पुढं माझ्या टेबलावर आला, ती बाईही त्या दिवशी रांगेत होती. तिचं नाव मी लिहिणार नाही. तिचा नवरा रिछाईतल्या एका छोट्या कारखान्यात होता आणि मशीनवरच गेला. तिला पस्तिशीही उलटली नव्हती, पदरात एक मुलगी. सासरी दीर त्रास द्यायचा, एकदा हात उचलला. तेव्हा ती पोरीला घेऊन निघाली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, ग्वारीघाटाच्या रस्त्याला एका खोलीत राहायला गेली. तो पत्ता तिनं जगात दोघांना सांगितला होता. एक तिची धाकटी बहीण, जी बडा फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होती; तिला ती छोटी म्हणायची. आणि दुसरा आमचा अर्ज.

मधे एक वर्ष गेलं. वरून आदेश आला की खात्याकडची नोंद ही संपत्ती आहे आणि ती मान्यताप्राप्त संस्थांना ‘सेवा शुल्क’ घेऊन उपलब्ध करून द्यायची. विकायची असा शब्द त्यात कुठंच नव्हता. आदेशात लिहिलं होतं की ज्यांनी सहमती दिली आहे त्यांचीच माहिती द्यावी. आमच्या जिल्ह्यात सगळ्यांनीच दिली होती. पहिली मागणी हप्त्यानं शिलाई मशीन विकणाऱ्या एका कंपनीची होती. त्यांना कल्याणी हव्या होत्या, पंचवीस ते पंचेचाळीस वयाच्या, शहरात राहणाऱ्या, मोबाइलसकट. यादी मी काढली. माझ्याच लॉगिनमधून. काढताना त्या बाईचं नाव डोळ्यांखालून गेलं असणार. आठवत नाही, आणि हे न आठवणं मला जास्त छळतं.

त्यानंतरच्या एका रविवारी ती विहारात आली. बऱ्याच महिन्यांनी. वंदना झाल्यावर सगळे पांगेपर्यंत थांबली आणि मग ओट्यावर माझ्यासमोर बसली.

“भाऊ, एक अर्ज लिहून द्या. सरकारला विचारायचा आहे.”

“काय विचारायचं?”

“माझा पत्ता त्यांनी कुणाला दिला का ते.”

मी पेन काढलं होतं ते तसंच धरून बसलो. तिनं जे सांगितलं ते असं. तिचा दीर एक दिवस दारात येऊन उभा राहिला. हातात टॅबलेट, गळ्यात कंपनीचं कार्ड. शिलाई मशीन विकायचं काम त्याला नुकतंच लागलं होतं. दार तिच्या पोरीनं उघडलं.

“मला म्हणे कसा, वहिनी, भागनेसे क्या होता है, सरकारने खुद पता दिया है,” ती म्हणाली. “आता दर आठ दिवसांनी येऊन पायरीवर बसून राहतो. काही करत नाही. नुसता बसतो. आमच्या घरचं लेकरू आमच्या घरी पाठव म्हणतो. मी पोरीला एकटी शाळेत पाठवणं बंद केलं भाऊ.”

“पोलिसात...”

“गेली होती. ते म्हणतात, सामान बेचने आता है, उसमें क्या गुन्हा? पण मला ते नाही विचारायचं. मला हे पाहायचं आहे का, तो खरं बोलून राहिला का खोटं. सरकार काहून देईल माझा पत्ता? पत्ता फक्त छोटीला माहीत होता. तिचं लग्न ठरून राहिलं, त्या पोराकडच्यांची माझ्या दिराशी ओळख आहे. मी तिला विचारलंही नाही. सरळ बोलून टाकलं, तू विकलं मला. तेव्हापासून बोलणं बंद.”

“ती काय म्हणाली?”

“रडली. मग तीही बोलली काहीबाही. ते सोडा. तुम्ही लिहा. सरकार हो म्हणालं तर छोटी खरी. नाही म्हणालं तर...”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. वाक्य लहानच होतं. पण मी अर्ज लिहिला, आणि चांगला लिहिला. तीन प्रश्न केले. माझी माहिती कोणत्या खासगी कंपनीला दिली काय? दिली असल्यास कोणाला व कधी? कोणाच्या परवानगीनं, आणि त्या परवानगीची प्रत. मनात हिशेब असा, की माहितीच्या अधिकारातला अर्ज आहे, उत्तर द्यावंच लागेल, आणि ऑफिस जे सांगेल ते मला सांगावं लागणार नाही. तिनं अर्ज वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “तुम्ही त्याच ऑफिसात आहात म्हणून तर तुमच्याकडे आली. आपला माणूस आत असला की बरं असतं.”

तो अर्ज मग माझ्याच टेबलावर आला, हे वर सांगितलं.

मी मॅडमच्या खोलीत गेलो. म्हणालो, पहिल्या प्रश्नाला ‘हो’ लिहू या. त्यांनी चष्मा काढला.

“बड़े बाबू, कंपनी का नाम बताएँगे तो कंपनी आपत्ति लेगी. अनुबंध में लिखा है, व्यावसायिक गोपनीयता.”

“मॅडम, जानकारी तो इस महिला की है. गोपनीयता कंपनी की?”

त्या हसल्या, खोटं नाही, खरंच हसल्या. “आप ठीक कह रहे हैं. पर नियम यही है.” मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्या बाईची नोंद उघडी होती. सहमती: हाँ. वेळ: दुपारी साडेबारानंतरची. त्याच मिनिटात अडून राहिलेल्या अकरा नोंदी, सगळ्या हाँ. दर ओळीत माझा लॉगिन क्रमांक.

“ये मैं नहीं छेड़ना चाहती,” त्या म्हणाल्या. “आप भी मत छेड़िए. आठ साल बचे हैं आपके.”

त्या धमकी देत नव्हत्या. मला वाचवत होत्या. त्यामुळे मला सुटायला जागा राहिली नाही. धमकी दिली असती तर निदान राग आला असता.

मी उत्तर लिहिलं. पहिल्या दोन प्रश्नांना, ‘वांछित जानकारी तृतीय पक्ष की व्यावसायिक गोपनीयता से संबंधित होने से प्रदाय किया जाना संभव नहीं है।’ तिसऱ्याला, ‘पंजीयन के समय आवेदिका द्वारा सहमति प्रदान की गई है।’ दुसरं वाक्य टाइप करताना मी थांबलो, पाणी पिऊन आलो आणि टाइप केलं. खाली मॅडमची सही झाली.

रविवारी ती ते पत्र घेऊन आली. पाकीट फोडलेलं होतं पण तिला त्यातलं फारसं कळलं नव्हतं. ती माझ्याकडूनच ते समजून घ्यायला आली होती.

“भाऊ, म्हणजे हो का नाही?”

“ते सांगता येत नाही म्हणतात.”

“आणि हे सहमती काय? मी कुठं दिली?”

“ते छापील असतं,” मी म्हणालो. “सगळ्यांनाच तसं लिहितात.”

आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो असेन, पण त्याचा आवाज मला एवढा स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता.

तिनं पत्र दोन वेळा उलटं-सुलटं करून पाहिलं. “म्हणजे सरकारनं दिला असं कुठं लिहिलं नाही ना?”

“नाही.”

“मग छोटीनंच.” तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठली. रागानं नाही. एखादं काम आटोपल्यावर माणूस उठतं तशी.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती, करतच राहिली. “तुम्ही काय एकट्यानं विकलं? वरून हुकूम होता ना?”

“हुकूम यादीचा होता. हाँ मी भरलं.”

“मग जाऊन सांगा तिला.”

“सांगितलं तर ती लिहून मागेल. लिहून दिलं तर नोकरी जाऊ शकते.”

“मग नका सांगू.”

“असं कसं...”

“अहो, काय करू मी तुमचं?” तिनं लाटणं खाली ठेवलं. “साऱ्या वस्तीचे अर्ज भरता, स्वतःचा एक भरता येत नाही.”

त्यानंतर मी दोन रविवार विहारात गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तर कमिटीचे लोक लग्नाबद्दल बोलत होते. छोटीचं लग्न विहारातच लागणार होतं. आईबाप नाहीत, थोरली बहीणच काय ती, आणि ती येणार नाही म्हणते. एक आजी म्हणाली, “अशी कशी बहीण? काळीज आहे का दगड?” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मान हलवून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं.

संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेलो. तिचा पत्ता मला शोधावा लागला नाही. ऑफिसच्या स्क्रीनवरून तो पाठ झाला होता, आणि गल्लीत वळताना ह्याचीच लाज वाटली. पायरीवर दीर नव्हता. मी खरं सांगायला गेलो होतो, दारात उभा राहिल्यावर एवढंच म्हणालो, “अपील करता येतं. वरचे साहेब सुनावणी घेतात. अजून मुदत आहे.” तेही मीच लिहून दिलं. मला वाटत होतं, कुणीतरी वरचा माणूस फाइल उघडेल, त्या अकरा नोंदी पाहील आणि बोलेल. म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

सुनावणीच्या दिवशी ती वेळेच्या आधी येऊन बाकावर बसली होती. मुलगी बरोबर, शाळेच्या कपड्यांत. मी फाइल घेऊन आत गेलो तेव्हा तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. आपला माणूस आत आहे. मी मॅडमच्या मागच्या खुर्चीवर बसलो.

साहेब घाईत होते. “बोलिए बहनजी, क्या दिक्कत है?”

तिनं हिंदीतून सांगितलं, थोडक्यात आणि नीट. दिराचं सांगितलं. बहिणीचं नाही सांगितलं. मॅडमनी आमचं उत्तर वाचून दाखवलं. साहेबांनी स्क्रीन पाहिली. “सहमति तो दर्ज है.”

“साहब, मुझसे किसी ने पूछा ही नहीं.”

“सब यही कहते हैं बाद में.”

तेव्हा ती माझ्याकडे वळली. आरोप करायला नाही. साक्षीदाराकडे वळावं तशी, भरवशानं, आणि मराठीत. “भाऊ, तुम्हीच होते ना त्या दिवशी मंडपात. सांगा ना यांना.”

साहेबांनी विचारलं, “क्या कह रही हैं?”

मॅडमनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांची पाठ ताठ झाली एवढं मला दिसलं. मी उभा राहिलो. मला धैर्य आलं असं म्हणणार नाही. इतक्या महिन्यांत मी बोलण्याच्या प्रत्येक जागेवरून बाजूला सरकलो होतो, आणि आता त्या खोलीत सरकायला जागा नव्हती.

“सर, इनसे पूछा नहीं गया. किसी से नहीं पूछा गया. हाँ मैंने भरा था. और सूची भी मैंने ही निकाली, सिलाई मशीन वाली कंपनी के लिए.”

स्टेनोची बोटं चालत होती ती थांबली. साहेबांनी पेन ठेवलं.

“आप किस हैसियत से बोल रहे हैं?”

“जिसने भरा, उसी हैसियत से.”

“ये विषय अपील का नहीं है.” मग स्टेनोला, “इसे मत लिखिए.” मग परत मला, हळू आवाजात, जवळजवळ मायेनं, “बैठ जाइए.”

आदेशात पुढं लिहिलं गेलं ते असं, की अपीलकर्ती उपस्थित, त्यांना ऐकलं, अभिलेखात सहमती उपलब्ध, अपील फेटाळलं. मी बोललो त्यातला एक शब्दही नाही. आयुष्यात पहिल्यांदा गुन्हा कबूल केला आणि तो कुणी घ्यायला तयार नव्हतं. माझा गुन्हा लिहून घेतला असता तर जिल्ह्यातली सगळी सहमती खोटी ठरली असती, सगळ्या याद्या खोट्या ठरल्या असत्या. त्यांना मी निर्दोष असणं गरजेचं होतं.

ती बाहेर व्हरांड्यात उभी होती. मुलगी पाण्याच्या नळाशी गेली होती. मला वाटलं होतं ओरडेल.

“केव्हापासून माहीत होतं?”

“तुम्ही पहिल्यांदा अर्ज लिहायला आल्या तेव्हापासून.”

“आणि मी त्या चिठ्ठीतलं विचारलं तेव्हा?”

“तेव्हाही.”

तिनं मान खाली घातली. “मी छोटीला काय काय बोलली, तुम्हाला नाही माहीत. आईनंतर मी तिला वाढवली. तिला म्हटलं, तू माझी कोणी नाही.” मग वर पाहिलं. “आत जे बोललात ते त्यांनी लिहिलं का?”

“नाही.”

“मग तुम्ही लिहा.”

गेटबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं कोरा कागद घेतला आणि काउंटरवरच लिहायला लागलो. मराठीत सुरुवात केली तर ती म्हणाली, “हिंदीत लिहा. छोटी मराठी बोलते, वाचता नाही येत तिला.” मग हिंदीत लिहिलं. काय केलं, कोणत्या दिवशी, कोणत्या लॉगिनमधून, कोणासाठी यादी काढली. ह्या बाईनं सहमती दिली नव्हती. हिचा पत्ता हिच्या बहिणीनं नाही, आमच्या ऑफिसनं दिला. शेवटच्या ओळीनंतर नाव, हुद्दा, सही. तिनं कागद हातात घेतला नाही.

“मी नेला तर म्हणेल, कुणाकडून तरी लिहवून आणलं. तुम्ही चला.”

ई-रिक्षात तिघं बसून बडा फुहाऱ्याला गेलो. रस्त्यात मुलीनं एकदा विचारलं, “मम्मी, मौसी के यहाँ जा रहे?” आणि तिनं मान हलवली.

दुकान लहान होतं, गाद्या टाकलेलं. छोटी दोन गिऱ्हाइकांना साड्या दाखवत होती. आम्हाला पाहिलं, आणि हातातली साडी उलगडायची तशीच उलगडत राहिली. भाव सांगितला, रंग पक्का आहे म्हणाली. गिऱ्हाइकं काही न घेता गेली. मग तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

“बोलिए अंकल.”

मी कागद पुढं केला. तिनं तो गादीवर ठेवून वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला, ओळींवर बोट ठेवून. तेवढ्यात तिच्या भाचीनं तिच्या मांडीवर जागा केली होती.

वाचून झाल्यावर ती माझ्याशी बोललीच नाही. बहिणीला म्हणाली, “ये कागज़ नसता मिळाला तर?”

थोरली उभीच होती.

“मला विचारायचं तर होतं ना ताई. एक बार.”

“विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असती.”

“हाँ तो! वो ‘नाही’ सुनना तो था!” तिचा आवाज वर गेला. शेजारच्या दुकानदारानं डोकावलं. तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि रागानंच पसरलेल्या साड्यांची घडी करायला लागली. घड्या वाकड्या येत होत्या. थोरली चप्पल काढून गादीवर चढली आणि एका साडीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून त्या साडीची घडी घातली, मग दुसरीची. बराच वेळ तेवढंच चाललं.

“लग्नात काय घालणार तू?” छोटीनं खाली बघतच विचारलं.

“येऊ का?”

“नको येऊ. मेरी माँ बनके और कौन बैठेगा, ये अंकल?”

थोरलीला हसू आलं आणि ते आवरताना रडू आलं. मी दाराकडे वळलो. मला कुणी थांबवणार नव्हतं, तरी मी पायरीवर थांबलो.

“अंकल,” छोटी म्हणाली. कागद तिनं घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता. “ये मेरे पास रहेगा. शादी हो जाने दो, फिर मैं इसको ऊपर भेजूँगी. सूचना आयोग में, और जिधर-जिधर भेजते हैं उधर. ताई के देवर को भी तो किसी ने पता दिया है, वो अभी भी आके बैठता है. आपको कुछ कहना है?”

“नाही,” मी म्हणालो.

“आपकी नौकरी?”

“तुम्ही पाठवा.”

हे सांगताना आवाज नीट निघाला. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा मात्र निघाला नाही. ती म्हणाली, “अच्छा. चलो.” आणि पेन्शनच्या कागदांची पिशवी कपाटातून काढून पलंगावर ठेवली, बघायला, की काय काय आहे आपल्याकडे.

ऑफिसात मला अजून कुणी काही म्हटलेलं नाही. मॅडम समोरून जाताना नमस्कार घेतात. काल एका दुसऱ्या कंपनीसाठी यादी गेली, माझ्याच लॉगिनमधून. याद्या देणं बंद करा म्हणून मी लेखी दिलं आहे, आणि उत्तर आलेलं नाही. मी खुर्चीवर बसतो, पाच वाजता उठतो. छोटीच्या पर्समध्ये तो कागद आहे. लग्न येत्या रविवारी आहे.